हिरवा दिवा लागेपर्यंत

माझं बूड एका जागी टिकत नाही, हे आमच्या आष्टीत शेंबड्या पोरालासुद्धा माहीत होतं. शाळेत बाई म्हणायच्या, हिला बाकाला बांधून ठेवा. आई म्हणायची, पोटात होती तेव्हापासनं लाथा मारून राह्यली. आणि नशिबाची गंमत बघा, एवढं शिकून पोटापाण्याला काम मिळालं ते न हलायचं.

जालन्यात औद्योगिक वसाहतीत एक छोटी प्रयोगशाळा आहे, तिथं मी काम करते. एका बाजूला सळयांचे कारखाने, दुसऱ्या बाजूला बियाणांची गोदामं, मधे आम्ही. कारखान्यांना मोजमापाची जी हत्यारं लागतात ती बराबर दाखवतात की नाही, हे तपासून दाखला द्यायचा, हा आमचा धंदा. वजनं येतात, दाबाची घड्याळं येतात, तापमापी येतात. माझ्याकडे लांबी असते. आणि लांबी तपासायला माझ्याकडे लेझर आहे.

लेझर म्हटलं की लोकांना वरातीतले दिवे आठवतात, नाहीतर चष्म्याचं ऑपरेशन. माझ्या मावशीनं तर, चेहऱ्यावरचे केस काढून देशील का, म्हणून विचारलं होतं. तिला मी म्हटलं, माझा लेझर फक्त मोजतो, बाकी काही करत नाही. मंग काय उपेग, असं म्हणून तिनं विषय बदलला.

तर हा लेझर म्हणजे एक हातभर लांब डबा. आत काचेची नळी, नळीत वायू, आणि पुढच्या काचेतून बारीक लाल उजेड बाहेर पडतो. त्या उजेडाच्या लाटा मोजून आम्ही लांबी मोजतो. लाट पक्की तर माप पक्कं. पण नळी तापली की कणभर लांबते, गार झाली की आखडते, आणि तेवढ्यानंही उजेडाची वारंवारिता सरकते, म्हणजे लाटच बदलते. म्हणून नळीभोवती एक हीटर असतो. दूध उतू जाऊ नये म्हणून बाई जशी गॅस कमी-जास्त करत उभी राहते, तसा तो नळीला जरा ऊब देतो, थांबतो, पुन्हा देतो, आणि तिची लांबी एका जागी धरून ठेवतो. तोवर डब्यावर पिवळा दिवा लुकलुकत राहतो. नळी ठरली की हिरवा लागतो. त्याला आम्ही लॉक झाला म्हणतो. त्यानंतरच मोजायला सुरुवात करायची.

पिवळ्याचा हिरवा होईपर्यंतचा तो वेळ माझा जीव खातो. काही करायचं नसतं आणि उठून जायचंही नसतं. पंखा बंद. दार बंद. उजेडाच्या वाटेजवळ माणूस उभं राहिलं तरी अंगाच्या उबेनं तिथली हवा बदलते आणि आकडे डुलायला लागतात. म्हणून एका कोपऱ्यातल्या स्टुलावर हात मांडीखाली दाबून मी बसायची. बाहेर मे महिन्यात डांबर वितळत असतं आणि मी आत वीस अंशांत स्वेटर घालून. एकदा स्वेटर काढायचा विसरून तशीच स्टेशनाजवळ भाजी घ्यायला गेले, तर भाजीवाली म्हणाली, ताप आला का गं बाई.

आईला मी हे सगळं नीट समजावून सांगितलेलं आहे. तिला त्यातलं एकच लक्षात राहिलं. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, "ठरला का गं तुझा उजेड?" मी म्हणते, ठरला. मग ती म्हणते, "तो तरी ठरला. तुझं कधी ठरायचं?" मग मी रागानं फोन ठेवते. हे आमचं रोजचं आहे.

लॅबचे मालक, त्यांना आम्ही सर म्हणतो, पन्नाशीचे. शेतकऱ्याच्या घरातले, इंजिनिअर झाले, बाहेर नोकरी केली आणि परत येऊन स्वतःचं काहीतरी टाकावं म्हणून ही लॅब टाकली. खाली लॅब आणि वर घर. माणूस वाईट नाही, पण घाबरट. गिऱ्हाईक मोठं असलं की यांचा आवाज बारीक होतो. सरांच्या मिसेस म्हणजे काकू. दिवसातून दोनदा काकू स्वतः चहा घेऊन खाली येतात आणि प्रत्येक वेळी मला म्हणतात, "बस की गं जरा." आणि प्रत्येक वेळी मी म्हणायची, "उभ्यानंच बरंय काकू." दोन घोटांत कप रिकामा करायचा, विसळून ट्रेमध्ये ठेवायचा आणि कामाला लागायचं.

सगळ्यांना वाटायचं, हिच्या पायाला भिंगरी आहे, ही कशाची बसती. ते खरंही होतं, पण तेवढंच नव्हतं. आम्ही बौद्ध. माझ्या आईला लहानपणी गावातल्या एका घरी चहा मिळायचा तो ओसरीच्या खाली, उभ्यानं. कप धुऊन बाहेरच्या कोनाड्यात ठेवायचा, तो कप वेगळाच असायचा. आईनं हे मला एकदाच सांगितलं, तेही शेंगा फोडता फोडता, आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. मला कुणी तसं वागवलं नाही. काकूंनी तर बिलकुल नाही. पण दुसऱ्याच्या घरचा कप हातात आला की माझ्या पायांना घाई सुटते, त्याला मी काय करू.

आता मुख्य गोष्ट सांगते. आमच्या धंद्यात कामापेक्षा सही मोठी. दाखल्यावर ज्याची सही, त्यानं मोजलं असं जग मानतं. आणि लांबीच्या दाखल्यावर सही सरांची असायची, कारण लॅबला मान्यता देणाऱ्या संस्थेच्या लेखी लेझरवर सही करायचा अधिकार फक्त त्यांना होता. मोजायची मी. ट्रायपॉड खांद्यावर टाकून कारखान्यांत जायची मी. एकदा अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे उसाच्या गाड्यांच्या रांगेत दोन तास अडकून एका वर्कशॉपात पोचले होते. तिथं खाली जमीन हादरून राह्यली, वरून मळीचा वास, अशात मोठ्या लेथ मशीनचं माप घेतलं, तीन-तीनदा ताडून पाहिलं. चार दिवसांनी तिथल्या माणसाचा सरांना फोन आला, "साहेब, तुम्ही काम लई बेस केलं." सरांनी त्याला सांगितलं नाही की आपण तिथं पायसुद्धा ठेवला न्हाई. मी पलीकडच्याच टेबलावर बसले होते, सगळं ऐकू येत होतं.

त्या दिवशी माझं डोकं सणकलं आणि मी सरांना तोंडावर म्हटलं, मला सही पाहिजे. सर आधी हसले, मग गंभीर झाले आणि म्हणाले, "पुढच्या तपासणीला तुझं नाव देतो. तपासायला येणाऱ्यांच्या समोर तुला मोजून दाखवावं लागंल. जमलं तर तू सही कर. न्हाई जमलं तर मंग मला सही असलेला माणूस बाहेरून आणावा लागंल, मला आता एकट्यानं होत न्हाई." म्हणजे काय, ते मला समजलं. बाहेरून कुणीतरी तयार माणूस येणार, तो सही करणार आणि मी आयुष्यभर त्याच्या मागे ट्रायपॉड वाहणार.

तपासणीची तारीख आली ती नेमकी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची.

दसऱ्याला मी दरवर्षी सुट्टी घेते. तो दिवस आमचा मोठा. धम्मचक्र प्रवर्तन दिन. आष्टीत विहारात सगळे पांढऱ्या कपड्यांत जमतात, वंदना होते, खीर होते, म्हाताऱ्या बाया जुनी गाणी म्हणतात. पण सुट्टी मागताना मी कधी तसं म्हटलं नाही. घरी काम आहे, एवढंच म्हणायची. सरांनीही कधी विचारलं नाही काय काम. त्यांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं. लॅबमध्ये त्या दिवशी यंत्रांची पूजा असते. वजनांना, संगणकांना, गाडीला, एअर कंडिशनरला, सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडूची माळ. ती पूजा मी कधी पाहिलेली नव्हती. मी नसताना ती उरकली जायची, आणि दोन्ही बाजूंना ते बरं पडत होतं.

त्या वर्षी जायच्या आधी मी सगळं तयार करून ठेवलं. लेझर टेबलावर लावला, आरसे सरळ रेषेत आणले, पुढच्या काचेवरचं झाकण लावून वरून कापडी कव्हर घातलं. सरांना चार वेळा सांगितलं, कुणी हात लावू नका. सर म्हणाले, "अगं बाई, जा आता."

विहारात माझं मन कुठलं लागायला. आई मेणबत्ती लावून राह्यली आणि मी मनातल्या मनात आरसा सरळ करून राह्यले. रात्री अंथरुणात तळमळत पडले. सकाळी पहिल्या गाडीनं निघाले, परतूरला रेल्वे पकडली आणि लॅबमध्ये पोचले तर दाराला तोरण, संगणकावर कुंकवाचं स्वस्तिक, एअर कंडिशनरच्या रिमोटलासुद्धा टिळा. लेझरचं कव्हर मात्र जसंच्या तसं. काढून पाहिलं, डबा स्वच्छ. झेंडूची एक पाकळी टेबलाच्या पायाशी पडली होती, ती उचलून टाकली. मला बरं वाटलं. म्हटलं, ऐकलं बाई यांनी माझं.

तपासायला आलेले गृहस्थ पुण्याकडचे, उंच, बारीक, शर्टाच्या खिशात दोन पेनं. आल्यावर पाणी प्यायले, चहा नको म्हणाले आणि सरळ माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "करा सुरू, मॅडम. मी इथं नाही असं समजा."

समजा म्हणे. लेझर चालू केला. पिवळा दिवा लुकलुकायला लागला. मी त्यांना नम्रपणे लांब खुर्चीवर बसायला सांगितलं, सरांनाही भिंतीपाशी बसवलं आणि आपल्या स्टुलावर हात दाबून बसले. हिरवा लागला. तपासायला आलेली एक लांब पोलादी मोजपट्टी होती, तिच्यावर ठरावीक जागी आरसा नेऊन आकडा घ्यायचा, असं शेवटपर्यंत. पहिला आकडा बराबर. दुसरा बराबर. तिसऱ्याला संगणकानं टुंग केलं आणि पाहते तर दिवा पिवळा.

होतं कधी कधी. वीज जरा हलली असेल. मी थांबले. हिरवा लागला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी अर्ध्यापर्यंत गेले आणि पुन्हा पिवळा. आरसा तपासला, सरळ होता. वायरी दाबून पाहिल्या. एअर कंडिशनर पाहिला. शेजारच्या कारखान्यात सळयांचं रोलिंग चालू होतं, पण ते रोजच असतं, आमचं टेबल त्याला सरावलेलं आहे. तिसऱ्यांदा सुरू केलं, तर पहिल्याच आकड्याला सुटला.

त्या खोलीत गार हवेतही माझ्या मानेवरून घाम वाहायला लागला. पाय तर असे शिवशिवत होते की वाटलं, उठावं आणि दार उघडून स्टेशनापर्यंत पळत जावं. त्या गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. सर भिंतीपासून उठले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सरक. मीच बसतो. आपण मोजपट्टीचं नंतर दाखवू."

मी उठले आणि ते बसले असते, तर खेळ खलास होता. माझं नाव तिथंच कटलं असतं. मी म्हटलं, "न्हाई सर." इतक्या जोरात म्हटलं की ते मागे सरकले.

मग मी डोकं चालवायला लागले. लेझरला सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो? त्याचाच उजेड परत त्याच्याच तोंडात गेला, तर. वाटेत काही अडलं, कण असला, डाग असला, तर तिथून उजेड मागे फिरतो, नळीत घुसतो आणि ठरलेली नळी गोंधळते. पुढच्या काचेत मी वाकून बाजूनं पाहिलं. लाल ठिपका होता, बाकी काही नाही. सगळं लालच लाल. आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं की या उजेडात मला काय दिसणार आहे.

मी बटण दाबून लेझर बंद केला.

"अगं, बंद कशाला केलास?" सरांच्या तोंडचं पाणी पळालं. बंद केला म्हणजे पुन्हा पहिल्यापासून पिवळा दिवा, पुन्हा तो सगळा वेळ. गृहस्थांनी भुवई वर केली. मी मोबाइलची बॅटरी लावली आणि तिरपा उजेड काचेवर टाकला. काचेच्या कडेपासून अगदी ठिपक्याच्या वाटेपर्यंत एक बारीक लाल रेघ होती. पांढऱ्या उजेडात ती लख्ख दिसली. लाल उजेडात लाल रेघ लपून बसली होती. बोटाला लागली असती तर वासावरूनही ओळखली असती. कुंकू होतं.

मी वळून सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पाहून कळलं की त्यांना ठाऊक आहे. ते पुन्हा कानाशी आले. "धूळ म्हण. धुळीला कुणी काही म्हणत न्हाई. पूजेचं काढलं तर ते लिहून घेतील, लॅबला डाग लागंल. आणि तुझं पण..." पुढचं ते बोलले नाहीत. पण मला ऐकू आलं. मी कुंकू म्हटलं तर ते काचेवरच्या डागाबद्दल बोलणं राहणार नव्हतं. ही बोलली, ही म्हणजे कोण, आणि कशावर बोलली, असं ते होणार होतं. हे सरांनाही कळत होतं आणि मलाही.

"काय होतं काचेवर?" गृहस्थांनी जागेवरूनच विचारलं.

खरं सांगते, धूळ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. किती सोपं होतं ते. पण मला त्या क्षणी भयंकर राग आला. सरांचा आला, कुंकवाचा आला, चार वर्षं घरी काम आहे म्हणून सुट्टी मागणाऱ्या माझाही आला. सही म्हणजे तरी काय असतं? जे झालं ते असंच झालं, एवढंच आपण लिहून देतो. आणि पहिलीच सही मी धुळीवर करू?

"कुंकू आहे," मी म्हटलं. "दसऱ्याच्या पूजेचं."

"तुम्ही लावलंत?"

"न्हाई. मी इथं नव्हते. मी बौद्ध आहे. दसऱ्याला मी गावी विहारात जाते."

त्या लॅबमध्ये हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं. सर जमिनीकडे पाहत होते. आणि त्याच वेळी दारात काकू उभ्या होत्या, हातात पोह्यांचा ट्रे घेऊन. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी ट्रे शेजारच्या कपाटावर ठेवला.

"मी लावलं ते," काकू म्हणाल्या. गृहस्थांकडे न पाहता माझ्याकडे पाहून म्हणाल्या. "दरसाली मी त्या कव्हरलाच लावते. आवंदा म्हणलं, उद्या हिची परीक्षा आहे, कव्हरला लावून काय उपेग. ह्यांना म्हणलं, चालू करा, उजेड दिसू द्या. मंग चांगलं ठसठशीत लावलं. नंतर वाटलं, हिला न्हाई आवडायचं. हिला कळू नये म्हणून पदरानं पुसून काढलं."

म्हणजे कुंकू लावलं होतं ते डब्यावर, काचेच्या बाजूला. ते पुसताना पदरानं काचेवर ओढलं गेलं. मला वाईट वाटू नये म्हणून पुसलं, आणि त्या पुसण्यानंच माझं घोडं अडलं. मला हसावं की रडावं कळेना.

मला वाटलं, आता हे गृहस्थ काहीतरी बोलतील, धर्माबद्दल, विज्ञानाबद्दल, काहीतरी मोठं. ते म्हणाले, "साफ कशानं करणार आहात?"

"स्पिरिट आणि काच पुसायचा मऊ कागद. एकाच दिशेनं, एकदाच ओढून. प्रत्येक वेळी नवा कागद."

"करा."

मी केलं. मनगट टेबलावर टेकवून केलं. पहिल्या कागदावर गुलाबी पट्टा आला, दुसऱ्यावर फिकट, तिसरा कोरा. मग पुन्हा लेझर चालू, पुन्हा पिवळा दिवा आणि पुन्हा माझं स्टूल. आता खोलीत सर, काकू, ते गृहस्थ, सगळे भिंतीला पाठ लावून बसले होते. कुणी हलत नव्हतं. मी सोडून सगळे दगडासारखे, आणि माझी टाच फरशीवर वाजत होती. काकूंनी लांबूनच हातानं खूण केली, हळू. मी टाच दाबून धरली.

हिरवा लागला. मी आकडे घ्यायला सुरुवात केली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग उलट, मग पुन्हा सरळ. दिवा हिरवाच राहिला. आकडे जिथल्या तिथे बसले.

गृहस्थांनी लॅबवर शेरा मारला तो मारलाच. यंत्राला कोण हात लावतं यावर ताबा नाही, असं काहीतरी. तो सरांना भोवला, मला नाही. जाताना ते सरांना म्हणाले, "लांबीसाठी ह्यांची सही चालेल. दिवा हिरवा असताना मोजणारे पुष्कळ पाहिले मी, पिवळा का झाला ते सांगणारे कमी." आणि गाडीत बसून गेले.

सर घुश्शातच होते. "एवढं खरं बोलायची काही गरज होती का?" असं ते दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा मी म्हटलं, "सर, आता सही माझी आहे. मी खोटं बोलायला लागले तर पहिला फटका तुम्हालाच बसेल." त्यावर ते पुटपुटत वर निघून गेले. राग त्यांचा टिकत नाही, हे मला माहीत आहे.

संध्याकाळी मी लेझर झाकून ठेवत होते तेव्हा काकू खाली आल्या. ट्रेमध्ये चहाचे दोन कप आणि शेजारी त्यांची चांदीची कुंकवाची कोयरी. ट्रे त्यांनी टेबलावर ठेवला, माझ्या लेझरपासून बऱ्याच लांब.

"खरं म्हणजे तुलाच लावायचं होतं," त्या म्हणाल्या. "परीक्षेला चाललेल्या पोरीला लावतात ना. पण तुला चालतं का न्हाई, ते विचारायचं धाडस झालं न्हाई मला. चार वर्षं झाली, तू त्या दिवशी कुठं जातीस, ते पण विचारलं न्हाई. म्हणून मंग तुझ्या यंत्राला लावलं."

"विचारायचं की काकू."

"आता विचारून राह्यले. लावू का?"

इथं खोटं बोलणं धूळ म्हणण्यापेक्षाही सोपं होतं. एका बाईनं इतक्या मायेनं विचारावं आणि आपण कपाळ पुढे करावं, एवढंच तर करायचं होतं. पण मी दिवसभर खरं बोलून बसले होते, आता कुठं मागं फिरू. "न्हाई काकू," मी म्हटलं. "मी न्हाई लावत."

मला वाटलं, संपलं. आता ट्रे उचलतील आणि उद्यापासून चहा कुणाच्या तरी हाती पाठवतील. माझे पाय आधीच दाराकडे वळले होते.

काकूंनी कोयरीचं झाकण लावलं. "बरं," म्हणाल्या. मग कोपऱ्यातलं माझं स्टूल पायानं ओढून पुढे आणलं आणि स्वतःसाठी खुर्ची घेतली. "मंग बस तरी. आणि सांग, काय असतं गं तुमच्या विहारात त्या दिवशी?"

मी बसले. काय असतं ते सांगायला लागले. पांढरी साडी कुठली घेतली, खीर कोण करतं, म्हाताऱ्या बाया कुठलं गाणं म्हणतात आणि मधेच कशा भांडतात. काकू मधे मधे हसत होत्या, मधे मधे विचारत होत्या. कप हातात तसाच होता आणि मी एक-एक घोट घेत होते.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"ठरला का गं तुझा उजेड?"

"ठरला. सही मिळाली," मी म्हणाले. "नंतर करते फोन, आई. बसलेय आत्ता."

सहीचं आईनं विचारलंच नाही.

"बसलीस?" ती म्हणाली. "कुठं?"

"काकूंजवळ. चहा पिऊन राह्यले."

"बसून?"

"हो," मी म्हणाले. "बसून."